न विचारता उतरलेलं पाणी

आमच्याकडं परक्याच्या विहिरीत न विचारता उतरत नाहीत. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण अंबडपासून कुंभार पिंपळगावपर्यंत कुठल्याही मळ्यात जा, हीच रीत. काठावर चपला काढायच्या, मालकाला हाक मारायची आणि तीन गोष्टी विचारायच्या. पाणी किती परस हाय? परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस, तसे किती. तळाला काय हाय? म्हणजे कपार आहे का, बाभळीच्या फांद्या पडल्यात का, मोटरीचा पाइप कुठून गेलाय. आणि तिसरं, बाहेर यायची वाट कुठून हाय? आमच्या भागातल्या कितीतरी विहिरींच्या पायऱ्या मधेच ढासळलेल्या असतात, त्यामुळं हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

हे मी एवढ्या ठसक्यात सांगतोय, कारण विहिरी हा माझा धंदा आहे. अंबडला माझं मोटर वायंडिंगचं दुकान. पण पाइपाच्या खालच्या टोकाची झडप गाळानं चोंदली, की लोक माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात, कारण बुडी मारून ती सोडवणारा आसपास मीच. शिवाय दर उन्हाळ्यात आमच्या मळ्यातल्या विहिरीवर पोरांना पोहायला शिकवायचं, हा बिनपगारी उद्योग वेगळा. पाठीला तेलाचा रिकामा कॅन, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. न विचारता परक्या विहिरीत उडी मारणाऱ्या पोराच्या पाठीत माझा धपाटा ठरलेला. त्यातले काही जण आता स्वतः बाप झालेत, तरी मला बघितलं की पाठ चोळतात.

आता बोला. असा हा मास्तर, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत समुद्रात न विचारता उतरला. एकटा उतरलो असतो तर हसून सोडून दिलं असतं. मी पोरीला घेऊन उतरलो.

कोकणात जायची टूम माझ्या साडूची. साडूचं जालन्यात बियाण्याचं दुकान आहे. पाण्याला तो इतका भितो, की बादलीपासूनही हातभर लांब बसून अंघोळ करतो. पण गाडी त्याची आणि हौसही त्याची. मेहुणीला घाटात गाडी लागते म्हणून ती आली नाही. आम्ही चौघं निघालो, साडू, मी, माझी बायको आणि जालन्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली आमची मुलगी. अंबड सोडल्यापासून घाट उतरेपर्यंत मी पाणी या विषयावर बोलत होतो. साडू मान डोलवत होता. मला एवढंच पुरतं.

"समुद्र म्हंजे काय, साडूभाऊ, मोठी हिरच. फक्त कठडा न्हाई."

"कठडा न्हाई, तेच तर म्हणून राह्यले मी," मागच्या सीटवरून बायको म्हणाली. तिला पोहता येत नाही, त्यामुळं पाण्याच्या बाबतीत तिचं मत आमच्या घरात धरत नाहीत. धरत नसत, असं म्हणायला पाहिजे.

राहायला एक घरगुती जागा घेतली होती. पोचल्या पोचल्या घराच्या मालकीणबाईंनी चहा दिला, आणि माझ्या बायकोनं मी समोर बसलेलो असताना त्यांना विचारलं, "आमच्या ह्यांना पाण्यात जायचंय. कुठं उतरलेलं बरं?"

मालकीणबाईंनी बाजारातल्या भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज सांगितलं. देवळासमोर उतरा, तिथं जीवरक्षक असतो, त्यानं दोन झेंडे लावलेले असतात, त्यांच्या मधे राहा. डावीकडं खडकाच्या बाजूला जाऊ नका. आणि त्यानं शिट्टी मारली की बाहेर या, वाद घालू नका.

चाळीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसासाठी त्याची बायको कुठं उतरू म्हणून विचारते, आणि तेही साडूच्या देखत. मी कप ठेवला आणि म्हणालो, "समुद्र काय कुनाच्या बापाचा हाय का, इचारून उतरायला?"

साडू खो खो हसला. साडू हसला की मला चेव येतो, ही माझी जुनी खोड. बायको हसली नाही. तिनं मालकीणबाईंना पुन्हा विचारून घेतलं, डावीकडं म्हणजे नेमकं कुठं.

किनाऱ्यावर शिरताना एक मोठा बोर्ड होता. मुलगी तिथं थांबून वाचायला लागली. बाण काढलेले, पोहणाऱ्या माणसाचं चित्र, भरती-ओहोटीच्या वेळा, असं बरंच काही त्यावर होतं. मी पुढं जाऊन टॉवेल कमरेला गुंडाळून उभा. "चल की जल्दी. परीक्षा हाय का त्याच्यावर?" असं मी ओरडलो. ती तरी शेवटची ओळ वाचूनच आली. तो बोर्ड वाचायला मला दोन मिनिटं लागली असती. ती मी वाचवली.

देवळासमोर खरंच लाल-पिवळे दोन झेंडे होते, आणि एका उंच लाकडी खुर्चीवर गळ्यात शिट्टी घातलेला जीवरक्षक बसला होता. काटकुळा, काळासावळा, पंचविशीचा असेल. मी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मनात म्हणालो, याच्यापेक्षा वजनाच्या मोटरी मी एकट्यानं विहिरीतून ओढून काढल्यात. त्याला रामराम करायचंही मला सुचलं नाही. विहिरीच्या मालकाच्या सालगड्यालासुद्धा मी रामराम करतो.

झेंड्यांच्या मधे नुसती गर्दी. लाटा येऊन फुटत होत्या, बायकापोरं किंचाळत उड्या मारत होती, नाकातोंडात वाळू जात होती. हे काय पोहणं झालं? मी डावीकडं पाहिलं. खडकाच्या अलीकडं एक रुंद पट्टी अशी होती, की तिथं लाट फुटतच नव्हती. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे पाणी गप्प. जरा गढूळ होतं, पण सपाट. माझा जीव सुखावला. आमच्या विहिरीत खळबळ असली की समजायचं, खाली काहीतरी गडबड आहे, मोटर चालू आहे नाहीतर वरून कोणी उडी मारलीय. पाणी गप्प असलं की बिनघोर उतरायचं. एवढ्या मोठ्या समुद्रात आपल्या कामाची जागा आपण बराबर हुडकली, म्हणून मी स्वतःवर बेहद्द खूष झालो.

"पप्पा, झेंडे तिकडं हायेत," मुलगी म्हणाली.

"झेंडे नवशिक्यांसाठी असतेत. तू काय नवशिकी हायस?"

ती आली. सात वर्षांची असताना मी तिला कॅन बांधून विहिरीत सोडलं, तेव्हापासून पाण्यात तिनं माझा शब्द कधी मोडला नव्हता. कपड्यांवरून, मोबाइलवरून, कॉलेजवरून रोज भांडेल, पण पाण्यात मी म्हणेन ती पूर्व. याचा मला केवढा अभिमान होता, ते मी चारचौघांत सांगत फिरत असे.

साडू कोरड्या वाळूत मोबाइल धरून उभा राहिला. आम्ही उतरलो. कमरेइतकं पाणी झालं, आणि पुढच्या पावलाला तळच संपला. मला आनंद झाला. पाय टेकतील त्या पाण्यात पोहणं म्हणजे मला म्हशी धुतल्यासारखं वाटतं. दोन बुड्या मारल्या, खारट पाणी थुंकलं, आणि मंग माझा नेहमीचा खेळ सुरू केला. उताणं पडायचं, हात डोक्याखाली घ्यायचे आणि पायावर पाय टाकायचा. विहिरीत मी असा अर्धा तास पडून राहतो, काठावरची पोरं टाळ्या वाजवतात.

मान वळवून पाहिलं, तर साडू लहान झालेला. म्हटलं, हा मागं काहून सरकून राह्यला? मी पूर्ण मावत नसेन मोबाइलात. मी त्याच्यासाठी हात हलवला. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं, तर साडू बोटाएवढा. एवढं मागं सरकायला त्याच्या पाठीमागं जागाच नव्हती, तिथं सुरूची झाडं होती. हे माझ्या डोक्यात शिरायला किती वेळ लागला ते सांगायची लाज वाटते. साडू जागच्या जागी होता. जात होतो ते आम्ही.

मुलगी माझ्यापासून दहा-बारा हातांवर होती. तीही तशीच, काही न करता, आत चालली होती.

"काठाला चल," मी ओरडलो. "सरळ. हात मार जोरात."

"पप्पा, सरळ न्हाई. आडवं जायचं. बोर्डावर लिहिलंय, पाणी आत ओढत असलं तर आडवं जायचं."

"गप. मी सांगतो ते कर. काठाला चल."

ती काठाकडं हात मारू लागली.

इथं एक कबुली द्यायला पाहिजे. आमच्या विहिरी केवढ्या, तर तीस-पस्तीस फूट रुंद. कुठूनही निघा, आठ-दहा हात मारले की दगड हाताला लागतो. दगडाला धरायचं, दम खायचा, पुन्हा उलट निघायचं. अंबड तालुक्यात मला पट्टीचा पोहणारा म्हणतात. हा पट्टीचा पोहणारा जन्मात कधी एका दिशेनं सलग दहा हातांच्या वर पोहलेला नव्हता. चाळीस वर्षांत ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आली ती तिथं, त्या पाण्यात.

वीस हात मारले, तीस मारले. साडू तेवढाच. दंड भरून आले. मोटर जळते तेव्हा आधी घरघर करते, तशी माझी छाती करायला लागली. कुठंतरी शिट्टी वाजत होती, पण माझं सगळं लक्ष काठाकडं. मंग मी पोरीकडं पाहिलं. तिचं तोंड पाण्याखाली जात होतं आणि वर येत होतं. ती खोकत होती, पुन्हा खाली जात होती. डोळे मोठे झालेले. आणि तरी ती काठाकडंच हात मारत होती, मी सांगितलं तसं, सरळ.

मी भ्यालो. आयुष्यात तसा कधी भ्यालो नाही. विहिरीवर पोर बुडायला लागलं की माझ्या हातात दोर असतो, एक हिसका दिला की पोर वर. माझा हात खरंच पाण्यात दोर चाचपायला लागला. तिच्यापर्यंत पोचायची ताकद माझ्यात उरलेली नव्हती, आणि तिला इथवर मीच आणलं होतं.

"कुठं जायचं?" मी ओरडलो. "तू सांग."

पाण्यात असताना मी कुणाला काही विचारायची ती पहिली वेळ.

"उताणे व्हा," ती धापा टाकत म्हणाली. "जोर लावू नका बिलकुल. दम आला की आडवं. तिकडं, लाटा फुटून राह्यल्या तिकडं."

फुटणाऱ्या लाटांकडं जायचं हा माझ्या मते शुद्ध वेडेपणा होता. पण माझ्या मताला आता भाव नव्हता. आम्ही उताणे झालो. पाणी आम्हाला आणखी आत घेऊन चाललं होतं आणि आम्ही त्याला घेऊ देत होतो. मघाशी हौसेनं केलेला तोच खेळ, आता पायावर पाय टाकायची हिंमत नव्हती. दम आला तसे आम्ही आडवे सरकायला लागलो, चार हात, पुन्हा पडून राहायचं, पुन्हा चार हात. बऱ्याच वेळानं खालची ओढ ढिली पडली. मंग एका लाटेनं मागून माझ्या डोक्यात अशी चपराक दिली की मी हातभर काठाकडं सरकलो. मार खाऊन इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

तेवढ्यात तो काटकुळा जीवरक्षक हात मारत आला. सोबत दोराला बांधलेला लाल तरंगता ठोकळा. तो आधी पोरीकडं वळला, तर ती म्हणाली, "मी बरी हाय. पप्पांना घ्या." त्यानं माझ्याकडं एक नजर टाकली आणि त्याला ते लगेच पटलं. त्यानं तो ठोकळा माझ्या छातीशी धरला, पट्टा आवळला आणि दोर स्वतःच्या खांद्यावर घेतला. ज्या गतीनं मी उन्हाळ्यात पोरं ओढतो, त्याच गतीनं एक्कावन्न वर्षांचा मास्तर कॅन बांधून काठाला आला. पोरगी शेजारून लाटांबरोबर आपली आपण आली.

काठावर मी ओकलो. बायकोनं पोरीला टॉवेलात धरलं होतं, आणि ती तिचे केस पुसतच राहिली, कोरडे झाले तरी. जीवरक्षकाला आमच्याकडं पाठवणारी तीच होती, हे मला त्याच्याकडून कळलं. आम्ही पाण्यात पाऊल टाकलं तेव्हाच ती वाळू तुडवत त्याच्या खुर्चीकडं निघाली होती आणि गर्दीतून तिथं पोचल्यावर तिनं विचारलं होतं, त्या गप्प पाण्यात उतरलेलं चालतंय का? तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं खुर्चीवरून उडी टाकली होती.

साडूचा व्हिडिओ अजून आहे. त्यात मी दिसत नाही म्हटलं तरी चालेल, ठिपका आहे. आवाज फक्त साडूचा. "वा, लई लांब गेले. मानलं बुवा. काय पोहून राह्यले," असं तो कौतुकानं म्हणतोय, आम्ही बुडून राह्यलो होतो तेव्हा. तो त्यानं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. पुढं कुंभार पिंपळगावच्या बाजारात लोक मला थांबवून विचारत, मास्तर, समुद्राला पायऱ्या होत्या का? मी हो म्हणायचो आणि पुढं जायचो.

जीवरक्षक मला रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं विचारलं, "काका, कुठले?"

"जालना जिल्हा."

"लाटा पाणी काठाला आणतात की नाही? ते पाणी परत कुठून तरी जाणार. ते तिथून जातं, म्हणून तिथं लाट फुटत नाही. तुम्ही नेमके त्याच्या जायच्या वाटेवर उतरलात." मंग म्हणाला, "मी इथंच बसलो होतो. विचारायचं."

हे वाक्य मी किती पोरांना धपाट्यासकट ऐकवलंय, त्याचा हिशेब नाही.

संध्याकाळी मालकीणबाईंनी गरम पेज दिली. ओसरीवर पोरगी आणि मी दोघंच होतो. मला एकच गोष्ट खात होती.

"तुला ठाऊक होतं ना, आडवं जायचं ते?"

"हो."

"मंग माझ्यामागं सरळ काहून आल्तीस?"

"तुम्ही सांगितलं म्हणून."

ती रागानं म्हणाली नाही. चमच्यानं पेज ढवळत, साधी गोष्ट सांगावी तसं म्हणाली. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण जाणार कुठं? बारा वर्षं मी तिला पाणी शिकवलं असं समजत होतो. खरं तर मी तिला फक्त माझं ऐकायला शिकवलं होतं, आणि ते ती इतकं चांगलं शिकली होती की त्यानं तिचा जीव जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनंच आम्हाला उठवलं. म्हणाली, आज पोरगी पाण्यात गेली न्हाई तर पुन्हा विहिरीतसुद्धा उतरायची न्हाई, चला, पण विचारून. साडू मोबाइल घरी ठेवून आला. देवळासमोर तोच जीवरक्षक होता. मी लांबूनच चपला काढल्या, हातात घेतल्या आणि त्याच्या खुर्चीपुढं जाऊन रामराम केला. पण तोंड उघडायच्या आधी पोरगी माझ्या पुढं झाली.

"दादा, पाणी किती हाय?"

"झेंड्यांच्या मधे कमरेपर्यंत. त्यापुढं नको."

"तळाला काय हाय?"

"वाळू. खडक सगळे डावीकडं."

"आणि बाहेर यायची वाट कुठून हाय?"

तो खुर्चीवरून खाली वाकला. "सरळ याच वाटेनं या. लाटा स्वतःच आणून सोडतील. शिट्टी मारली की लगेच." मंग हसला. "हे असं कुणी विचारत नाही हो. कुणी शिकवलं तुम्हाला?"

पोरीनं माझ्याकडं बोट दाखवलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, माझ्या हातातल्या चपलांकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं, आणि त्याचा काही विश्वास बसला नाही. मी चपला वाळूत ठेवल्या आणि पोरीच्या मागं कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिलो.